वरचे चार नारळ

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. माझे सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली, शेवटची आठ वर्षं त्यांचं दुखणं मीच काढलं, आणि त्यांच्या श्राद्धाची पानंही मीच वाढत आले. तेव्हा तेवढा हक्क माझा आहे.

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांबते त्याच्या समोर, आमची दोन खोल्यांची जागा होती. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत सासऱ्यांचा धंदा. मामलेदार कचेरीतून कारकून म्हणून पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली होती, ‘विक्रीकर सल्लागार’. तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. नवे पैसे येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी बायका मासळी आण्यांतच मागायच्या. आणि सेलटॅक्स म्हटलं की भल्या भल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण फॉर्म सगळे इंग्रजीत.

सासऱ्यांना मोडी झकास येई, मराठीही चांगलं. इंग्रजीचं म्हणाल तर आपली सही आणि ‘यस सर’. मी मॅट्रिक पास. म्हणजे पाटी त्यांची, खुर्ची त्यांची, फी त्यांची आणि फॉर्म भरायचे मी, चुलीवर भात ठेवून. लोक म्हणायचे, काय मोत्यासारखं अक्षर आहे हो तुमचं! सासरे मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, “सवय, दुसरां काय!” मी दाराआडून ऐकायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदाही, अगदी चुकूनसुद्धा, ‘ते सुनेचं अक्षर’ असं त्या माणसाच्या तोंडून निघालं नाही.

त्यांची काम करायची एक रीत होती. वर्षाला फॉर्म चार. गिऱ्हाईक एकदा आलं की चारही कोऱ्या फॉर्मांवर ते त्याच्याकडून सही घेऊन ठेवायचे. “एकदाच काय ता आटपा. खेपा कित्याक घालतास?” गिऱ्हाईक खूश. एसटीचे पैसे वाचले, दुकान बंद ठेवावं लागलं नाही. मग मी तीन-तीन महिन्यांनी त्या सह्यांच्या वर आकडे भरायचे. मी एकदा म्हणाले होते, “मामानू, कोऱ्या कागदार सही घेवची नाय. उद्या काय चुकला तर?” ते म्हणाले, “चुकला तर तुझा चुकतला. माझा कित्याक चुकात?” याला म्हणतात सल्लागार.

बाजाराच्या खालच्या टोकाला एका मुसलमान म्हाताऱ्याचं नारळाचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. दुकानाच्या मागे मांगर, म्हणजे माल ठेवायची खोप, त्यात नारळांचा ढीग. सुटे नारळ दुकानात विकायचे, राहिलेल्यांचं खोबरं करून कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला पाठवायचे. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आपलं नाव तेवढं उर्दूत काढायचे. पण मोजायला उभे राहिले की बघत राहावं. दोन्ही हातांत एकेक नारळ धरून ढिगावर टाकायचे आणि एकाला शुभ म्हणून ‘लाभ’, मग ‘दोन, तीन’ असं बावन्नपर्यंत म्हणायचे. बावन्न जोड झाले की एक शेकडा.

बावन्न जोड म्हणजे किती? एकशे चार. आमच्या बाजारात नारळाचा शेकडा शंभराचा कधी नव्हताच. चार नारळ बागायतदाराने जास्त द्यायचे, फुटक्याचे, कुजक्याचे म्हणून. त्यांना नाव ‘वरचे’. पैसे शंभराचेच द्यायचे, वहीत शेकडा एक असंच लिहायचं. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. आमच्याकडे पोराला चालायला येतं तसं हेही येतं.

पण चाचा शहाणे. ते मुद्दाम आमच्याकडे विचारायला आले. पुढच्या खोलीत बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “घेतंय ते शेकड्यान, इकतंय ते सुटे. म्हणजे वरचे पण इकले जातत. मगे ते लिवचे काय नाय, ता सांगा माका. मागीर कटकट नको.”

प्रश्न किती सरळ! सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला काय जात होतं? पण सासरे खुर्चीत मागे रेलले. “वर ता वर. त्याका कागद कित्याक? सरकाराक शंभराचो शेकडो म्हायत आसा, आपण शंभरच सांगूचे. जास्त सांगूक गेलास तर जास्त इचारतले.”

मी आतून बोलले, “मामानू, शेकड्याक एकशे चार म्हणान लिवला तर काय बिघाडता? खरा ताच आसा मां?”

“तू भात बघ.”

चाचांनी माझ्या दिशेने बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. दोन रुपये फी ठेवली आणि गेले. तेव्हा दोन रुपयांत आमच्या घरात आठ दिवसांचा बाजार यायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला, आणि वर दोन रुपये!

दिवाळीनंतर एक दिवस सेलटॅक्सचा साहेब आला. घाटावरचा तरुण माणूस, बूट घातलेला, बोलायला अगदी नम्र. तो थेट चाचांच्या मांगरात गेला आणि नारळ मोजायला लावले. वहीप्रमाणे पंधराशे शिल्लक हवे होते. निघाले पंधराशे साठ. पुढे काय झालं ते मला चाचांच्या बायकोने सांगितलं, ती दाराआड उभी होती. आणि माझे सासरे कुठे होते? तिथेच. साहेब आला म्हणून कोट चढवून धावत गेले होते आणि त्याच्या मागे उभे होते.

साहेबाने विचारलं, “हे साठ नारळ कुठून आले?”

साहेबाशी शुद्ध बोलायचं म्हणून चाचांनी शुद्ध बोलायचा प्रयत्न केला. तिथेच घात झाला. ते म्हणाले, “ते वरचे आहेत, साहेब.”

“वरचे?”

“होय. वरचे सगळेच घेतात. मी एकटा नाही. बाजारात कोणालाही विचारा.”

“आणि वहीत दाखवत नाही?”

चाचा हसले. “वरचे कोण वहीत लिहितो, साहेब?”

झालं! त्या घाटावरच्या माणसाला ‘वरचे’ म्हणजे वरकमाई, टेबलाखालचा व्यवहार. त्याने तिथल्या तिथे लिहून टाकलं की व्यापारी वरचा माल घेतो, तो वहीत दाखवत नाही, आणि ही गोष्ट त्याने हसत हसत कबूल केली. माझ्या सासऱ्यांनी नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, आमच्याकडे शेकडा एकशे चारांचा. बस, एवढंच. पण ते बोललं तर पुढचा प्रश्न आला असता, मग लिहू नका असं सांगितलं कोणी? म्हणून सल्लागारसाहेब छत्रीच्या मुठीकडे बघत गप्प उभे राहिले.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. चाचा ती घेऊन माझ्याकडे आले, सासरे आंघोळीला गेले होते. मी वाचून मराठीत सांगितलं. माल लपवल्याबद्दल दंड का करू नये आणि विक्रीकराचा दाखला रद्द का करू नये, ते मालवणला साहेबाच्या कॅम्पवर येऊन सांगा. दाखला गेला म्हणजे कोल्हापूरचा व्यापारी खोबरं घेणार नाही. खोबरं गेलं म्हणजे दुकान गेलं. सुट्या नारळांवर कोणाचं पोट भरतं?

पण चाचांचं लक्ष भलतीकडेच. “दंड भरीन गो, चेडवा. बाग इकीन आणि भरीन. पण हेच्यात लपवलो म्हणान लिवलाहा मां? लपवलो म्हणजे चोरलोच. पन्नास वर्सां ह्या बाजारात बसलंय. माका चोर म्हणान कोणी हाक मारूक नाय.” मला त्यांच्याकडे बघवेना.

सासऱ्यांनी दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. मला समोर उभं करून म्हणाले, “एक कागद लिव. इंग्रजीत, सायबाक वजन वाटतला. चाच्यान म्हटला असा लिव की, मी वरचो माल माझ्या सल्लागारापासून लपवलंय, माझी चूक झाली, माफी आसा. खाली त्याची सही, बाजूक माझी. मी सायबाच्या हातापाया पडान दंड कमी करून देतंय.”

मला आधी कळेचना की हा माणूस खरंच असं बोलतोय. “पण त्यांनी लपवूक नाय. तुम्हीच नको लिवा म्हणान सांगलास. दोन रुपये घेवन सांगलास.”

“मी सांगलंय ता कोणी आयकलां?”

“मी आयकलंय.”

“तू कोण? पाट्येर तुझा नाव आसा?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना, ते मी असं डोळ्यांसमोर बघितलं. मी म्हणाले, मी लिहिणार नाही. ते म्हणाले, मग उद्यापासून हा धंदा बंद आणि तुझ्या नवऱ्याला मुंबईला पत्र जातं की बायकोला घेऊन जा. नवरा गोदीत कारकून, आठजणांच्या खोलीत राहणारा. तो मला कुठे नेणार होता? पत्र मीच त्याला आधी लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं, ‘बाबांना दुखवू नकोस. एक कागद तर लिहायचा आहे.’ दोन ओळी. त्या कार्डाचं मी काय केलं ते सांगत नाही, पण चूल त्या दिवशी लवकर पेटली.

मग मी बसले लिहायला. दुपारची भांडी झाल्यावर, पुढच्या खोलीत, त्यांच्याच टेबलावर, ते समोर घोरत असताना. मॅट्रिकला शिकलेलं सगळं इंग्रजी पणाला लावलं. मी लिहिलं की कट्ट्याच्या बाजारात नारळाचा शेकडा एकशे चारांचा असतो. या चार नारळांना ‘वरचे’ म्हणतात, त्यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. हे चार वहीत लिहू का, असं या व्यापाऱ्याने आपण होऊन विचारलं होतं. लिहू नका असा सल्ला खाली सही करणाऱ्या सल्लागाराने फी घेऊन दिला. व्यापाऱ्याने काहीही लपवलेलं नाही. कर जो काय होईल तो भरायला तो तयार आहे. खाली दोन सह्यांना जागा ठेवली आणि एकीच्या खाली ठळक लिहिलं, ‘सल्लागार’.

खरं सांगते, मला मजा येत होती.

सकाळी चाचा आले. सासऱ्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, मान डोलावली. इंग्रजी वाचता येत नाही हे ते गिऱ्हाइकासमोर कसं दाखवणार? “बेस लिवलाहा,” म्हणाले आणि झोकात सही ठोकली. मग कागद चाचांच्या पुढे सरकवला.

चाचांनी टाक हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “काय लिवलंस गो?”

सासरेच मधे बोलले, “तुमच्या बऱ्याचाच आसा. करा सही.”

चाचा अजून माझ्याकडेच बघत होते. त्यांना नुसती खूण करायची तरी सोय होती. पण चाचा साधा माणूस, पोटात काही राहायचं नाही. त्यांना कळलं असतं तर मालवणला पोचायच्या आत एसटीत सगळं बोलून मोकळे झाले असते. म्हणून मी म्हणाले, “करा सही, चाचानू. माझ्यार सोडा.” त्यांनी उर्दूत नाव काढलं, सावकाश, एकेक अक्षर.

मालवणला मलाही नेलं. हौसेने नव्हे. कुठल्या वहीत कुठे काय लिहिलंय ते सासऱ्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून वह्यांचं बोचकं घेऊन मी. कॅम्प सरकारी बंगल्यात होता. मोठा साहेब वयस्कर, चष्मेवाला, आणि तो तरुण बाजूला बसलेला. सासऱ्यांनी वाकून कागद पुढे केला. “सर, सगळं लिहून आणलंय. यस सर.”

साहेबाने कागद वाचला. मग परत वाचला. मग सासऱ्यांना म्हणाला, “हे तुम्ही कबूल करता?”

“यस सर.”

“म्हणजे हे चार नारळ लिहू नका असं तुम्हीच सांगितलंत? फी घेऊन?”

सासऱ्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं. मी बोचक्याची गाठ सोडत बसले. त्यांना म्हणता आलं असतं की मी हे लिहिलंच नाही. पण मग अक्षर कोणाचं, आणि न वाचता सही कशी केलीत, हे दोन प्रश्न आले असते. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला ‘सुनेचं अक्षर’ म्हणायची गरज पडली होती आणि नेमकं तेव्हाच ते म्हणता येत नव्हतं. बारीक आवाजात ते म्हणाले, “यस सर.”

साहेबाने दारातल्या शिपायाला हाक मारली. “काय हो, शेकडा म्हणजे किती?”

शिपाई मालवणचाच. तो म्हणाला, “कसलो शेकडो, साहेब? नारळांचो?”

“हो, नारळांचा.”

“एकशे चार.”

त्या तरुणाने मान खाली घातली. मोठ्या साहेबाने नोटिशीवर काहीतरी खोडलं आणि चाचांना सांगितलं की वरच्या नारळांवरचा कर भरा, पुढे नग लिहीत जा, लपवलं असं कुठे राहणार नाही, दाखला कायम. मग सासऱ्यांना म्हणाला, “आणि तुम्ही. तुमच्या सहीचा कागद यापुढे माझ्यासमोर आणू नका.” बाहेर व्हरांड्यात आणखी सहा-सात व्यापारी नंबर लावून बसले होते. दार उघडंच होतं.

घरात पाऊल टाकल्याबरोबर सासरे म्हणाले, “माझी सही चोरलंस तू. घरातलो साप.”

“वाचूक होयी होती सही करताना,” मी म्हणाले. “लोकांच्या सह्यो घेतास तेव्हा खंय वाचून दाखवतास?”

त्यांनी हात उगारला होता. मी जागची हलले नाही. हात खाली आला. पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, आणि त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे ‘पाणी’ आणि ‘भात’. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मला वाटलं होतं, चाचा येतील. काहीतरी बोलतील. एखादा गोड शब्द. शेवटी सगळं केलं कोणासाठी? आठवडा गेला, दोन गेले. मग मीच गेले त्यांच्या दुकानात. पुढच्या तिमाहीचा फॉर्म भरायचा होता. मी मनाशी ठरवून गेले होते की आता पाटी नसली तर नसो, चाचांचं काम मी असंच करीन, फुकट करीन.

चाचा उठून उभे राहिले. बायकोला हाक मारून मला पाणी आणायला सांगितलं. मी फॉर्मचं काढलं तेव्हा ते टोपी चाचपत बसले.

“सावंतवाडीचो एक वकील आसा,” म्हणाले. “हेच्यापुढे तेच्याकडे देतंय.”

“कित्याक, चाचानू? तो फी घेतलो. मी घेवचंय नाय.”

“फीचा नाय गो.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “तू माका वाचवलंस. अल्ला तुझा बरा करो. पण त्या दिवशी मी तुका इचारलंय, काय लिवलंस म्हणान. दोनदा बघलंय तुझ्याकडे. तू सांगूक नाय. सासऱ्यान पण माका सांगूक नव्हता, आणि तू पण नाय. आता तुझ्या हातचो कागद इलो तर माका वाटतला, हेच्यात काय आसात? वाचून बघल्याशिवाय मी सही करूचंय नाय.”

मी काही म्हणणार, तोच ते पुढे बोलले.

“आणि माका वाचूक येणा नाय.”